मेजावरून उठून जाण्याआधी

देवावरचा आपला विश्वास उरलेला नाही, असे माझ्या थोरल्या भावाने घरात सांगितले, त्या रात्री मी त्याला अकरा पानांचे पत्र लिहिले. त्यात पवित्र शास्त्रातली चाळीसएक वचने होती, पुनरुत्थानाच्या साक्षीदारांचा क्रमवार उल्लेख होता आणि शेवटी आई-बाबांच्या मनाचा तरी विचार कर अशी विनवणी होती. ती विनवणी नसून दटावणी होती, हे मला बऱ्याच उशिरा कळले. चार दिवसांनी दादाचे उत्तर आले. "पत्र वाचले. यात मी कुठे आहे?" एवढेच त्यात होते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. त्या पत्रातले एकही विधान मी आज मागे घेणार नाही. येशू मरणातून उठला ही माझ्या दृष्टीने घडलेली गोष्ट आहे, आणि ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, असे प्रेषित पौलानेच करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले आहे. त्यामुळे "आपापल्या जागी सगळेच बरोबर असतात" हे वाक्य भांडण मिटवायला कितीही सोयीचे असले, तरी मला ते प्रामाणिकपणे उच्चारता येत नाही. गंमत म्हणजे दादालाही ते आवडत नाही, कारण देव नाही असे जो म्हणतो तोही एक ठाम विधानच करत असतो आणि कोणी ते गोंजारून गुळगुळीत करावे अशी त्याची इच्छा नसते. मतभेद खरा आहे, आणि तो खरा असताना एकमेकांबरोबर कसे राहायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

या प्रश्नावर बोलणे निघाले की मंडळीत कोणीतरी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडतोच. आपण शांतता आणायला नव्हे तर तलवार चालवायला आलो आहोत, मुलगा आणि बाप, मुलगी आणि आई, सून आणि सासू यांच्यात फूट पडेल आणि माणसाच्या घरचेच त्याचे वैरी होतील, असे येशू तिथे म्हणतो. मीही ते वचन पत्राच्या दुसऱ्याच पानावर घातले होते. जणू घरात फूट पडली म्हणजे आपण योग्य वाटेवर असल्याचा दाखलाच मिळाला. पण त्याच अध्यायात थोडे वर पाहिले, तर शिष्यांना धरून न्यायसभांपुढे नेले जाईल, भाऊ भावाला मरणाच्या हवाली करील, असा इशारा आहे. म्हणजे ती तलवार शिष्याच्या हातात दिलेली नाही. ती त्याच्यावर चालणार आहे. शिवाय घरच्या वैऱ्यांविषयीचे ते शब्द मुळात मीखा संदेष्ट्याचे आहेत. त्याच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात तो हंबरडा फोडतो की देशात सरळ माणूस उरला नाही, मित्रावर भरवसा टाकता येत नाही, मुलगा बापाला तुच्छ लेखतो. विलापातली ओळ मी जयघोषासारखी वापरली होती.

विभागणी सोसावी लागणे आणि विभागणी घडवून आणणे यांत किती अंतर आहे, हे येशूच्या स्वतःच्या घराकडे पाहिले की उमजते. त्याला वेड लागले आहे असे वाटून घरची माणसे त्याला धरून न्यायला निघाली होती, अशी नोंद मार्क करतो. त्याच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता, असे योहान सांगतो. त्यांच्यासाठी त्याने आपले काम थांबवले नाही, आणि देवाची इच्छा पाळणारे तेच माझी आई व माझे भाऊ असे म्हणण्याइतका तो स्पष्ट राहिला. पण वधस्तंभावर असताना त्याने आईची सोय लावली. आईबापांच्या वाट्याचे धन देवाला अर्पण केले आहे असे सांगून त्यांना हात वर करून दाखवणाऱ्यांना त्याने ढोंगी म्हटले. उठल्यानंतर तो याकोबाला दिसला, असे पौल नमूद करतो, आणि या याकोबाला मंडळी पहिल्यापासून प्रभूचा भाऊ म्हणूनच ओळखत आली आहे. प्रेषितांची कृत्ये उघडली की पहिल्याच अध्यायात येशूची आई आणि त्याचे भाऊ शिष्यांबरोबर प्रार्थनेत बसलेले दिसतात. मधल्या काळात त्याने भावांशी किती वाद घातला, याविषयी शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात. माझ्यासारख्या पत्रलेखिकेला हे मौन चांगलेच झोंबते.

पण मला खरे वळण लावले ते चौथ्या शतकातल्या मोनिकेने. तिचा मुलगा ऑगस्टीन, पुढे चर्चचा थोर शिक्षक झालेला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास मानी पंथाकडे गेला आणि जवळजवळ नऊ वर्षे तिथे राहिला. जग ही प्रकाश आणि अंधार या दोन मूळ शक्तींची झुंज आहे, असे तो पंथ शिकवी. मोनिका श्रद्धावान ख्रिस्ती बाई होती आणि मुलाच्या तोंडून ती शिकवण ऐकणे तिला असह्य झाले. तेव्हा तिने काय केले, हे ऑगस्टीनने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे: त्याला घरात ठेवून घ्यायला आणि त्याच्याबरोबर एका मेजाशी जेवायला ती नकार देऊ लागली. मोनिका म्हटले की आपल्यापुढे तिचे अश्रू येतात, तिच्या वर्षानुवर्षांच्या प्रार्थना येतात. मुलासाठी बंद केलेले दार सहसा कोणी सांगत नाही. मला मात्र तिथेच ती माझ्या जवळची वाटली.

मग तिला एक स्वप्न पडले. ती एका लाकडी पट्टीवर उभी राहून रडत आहे, एक तेजस्वी तरुण येऊन कारण विचारतो, ती मुलाच्या नाशाचे दुःख सांगते, आणि तो म्हणतो की नीट बघ, तू जिथे आहेस तिथेच तोही आहे. ती वळून पाहते, तर ऑगस्टीन त्याच पट्टीवर तिच्या शेजारी उभा असतो. या स्वप्नानंतर तिने त्याला पुन्हा घरात आणि मेजावर घेतले. तोवर मुलाच्या मतात तसूभरही फरक पडलेला नव्हता. उलट स्वप्न ऐकल्यावर त्या हुशार पोराने त्याचा अर्थच फिरवला: आई, म्हणजे एक दिवस तूच माझ्या बाजूला येशील! मोनिका क्षणाचाही विचार न करता उत्तरली, नाही, तो आहे तिथे तू असशील असे मला सांगितलेले नाही; तू आहेस तिथे तो असेल असे सांगितले आहे. स्वप्नापेक्षा आईच्या या झटपट उत्तरानेच आपल्याला अधिक हलवले, असे ऑगस्टीन म्हणतो.

या प्रसंगात मला जे दिसते ते असे. मोनिकेने दार उघडले म्हणून तिची निष्ठा पातळ झाली नाही, कारण मुलाने शब्दांचा खेळ करताच ती केसभरही हलली नाही. आणि निष्ठा ठाम होती म्हणून दार बंद ठेवण्याचीही तिला गरज उरली नाही. दार बंद होते तेव्हा ती घाबरलेली होती आणि उघडले तेव्हा तिला भरवसा वाटत होता, असे माझे मत आहे. माझे अकरा पानी पत्रही भीतीतूनच आले होते. दादाच्या आत्म्याची काळजी त्यात होती, हे मी नाकारत नाही, पण त्याखाली दुसरेही एक भय होते: इतका शहाणा, इतका वाचणारा माणूस निघून गेला, तर मी जिथे उभी आहे ती जमीन पक्की आहे ना? त्याला पटवून मला माझीच खात्री करून घ्यायची होती. "यात मी कुठे आहे?" हा त्याचा प्रश्न त्यामुळेच इतका अचूक होता.

मोनिका एका बिशपांकडे गेली होती आणि माझ्या मुलाशी वाद घालून त्याची चूक दाखवा, असा तिने आग्रह धरला होता, हेही इथे सांगण्यासारखे आहे. ते बिशप स्वतः लहानपणी मानी पंथीयांत वाढलेले होते. त्यांना सगळे मुद्दे पाठ असणार. तरी त्यांनी नकार दिला. त्याला सध्या राहू दे, फक्त प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचे त्यालाच कळेल, असे ते म्हणाले. ती हटेना, तेव्हा थोडे वैतागूनच त्यांनी तिला जायला सांगितले आणि इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणे शक्य नाही असे म्हटले. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा मिलानमध्ये ३८७ साली ईस्टरच्या वेळी तिथले बिशप अँब्रोज यांच्या हातून झाला आणि त्याच वर्षी मोनिका ऑस्टिया इथे वारली. तिच्या वाट्याला जे आले ते प्रत्येकाच्या वाट्याला येईल, असे वचन कोणालाही दिलेले नाही. पती किंवा पत्नी विश्वासात नसेल आणि एकत्र राहायला तयार असेल तर त्यांना सोडू नका, असे सांगताना पौलही पुढे विचारतोच की तू आपल्या जोडीदाराला तारशील हे तुला काय ठाऊक? म्हणजे परतीच्या हिशेबावर प्रेम करायचे नाही. हे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात मी अजूनही अधूनमधून हिशेब करतेच.

इथवर अविश्वास आणि विश्वास यांच्यातल्या फुटीविषयी लिहिले. पण माझा अनुभव असा, की जे दोघेही ख्रिस्ताला प्रभू म्हणतात त्यांच्यातली फूट कधी कधी जास्त कडवट असते. माझ्या एका जिवलग मैत्रिणीने, लहानपणी बाप्तिस्मा झालेला असताना, मोठेपणी दुसऱ्या मंडळीत पाण्यात उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. तिच्या लेखी तो तिचा पहिलाच होता. आमच्या मंडळीतल्या काहींच्या लेखी तो आधीच्या बाप्तिस्म्याचा अपमान होता. मी कोणाचीच बाजू घेतली नाही असे मला वाटत होते, पण तिला फोन करणे मी हळूहळू कमी केले, आणि ही देखील एक बाजूच होती. दादाशी मी निदान भांडले तरी. तिच्या बाबतीत मी नुसतीच सभ्यपणे दूर सरकले. भांडणापेक्षा असे सरकणे जास्त वेळ टिकते, कारण त्याबद्दल क्षमा मागायची असते हेच लक्षात येत नाही.

अशा वेळी मला १५२९ सालचे जर्मनीतले मारबुर्ग आठवते. हेसे प्रांताचा अधिपती फिलिप याने जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली यांना तिथे समोरासमोर बसवले. वाद प्रभुभोजनाविषयी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीविषयी, होता: "हे माझे शरीर आहे" या शब्दांचा अर्थ कसा घ्यायचा? ल्यूथरने ते शब्द लॅटिनमध्ये मेजावरच खडूने लिहून ठेवले आणि तो त्यांवरून हटला नाही. शेवटी पंधरा कलमे तयार झाली. चौदांवर दोघे एक झाले, पंधराव्यातही बरेच जमले, फक्त ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त भाकरीत व द्राक्षारसात शारीरिकरीत्या असते का, एवढ्यावर अडले. झ्विंग्लीच्या डोळ्यांत पाणी होते असे सांगतात. ल्यूथरने त्याला बंधू म्हणून स्वीकारायचे नाकारले. दोन वर्षांनी झ्विंग्ली लढाईत मारला गेला. ल्यूथरच्या ठामपणाचा मला आदर आहे, आणि शब्द जसा आहे तसा धरून ठेवण्याची त्याची तळमळ खोटी नव्हती हेही मी मानते. पण ज्या मेजाविषयी बोलणे चालले होते त्याच मेजापासून दोघे उठून गेले, ही गोष्ट मनातून जात नाही. एकमेकांवर ख्रिस्ती प्रेम करावे, सदसद्विवेकबुद्धी जितके करू देईल तितके, असेही त्या पंधराव्या कलमात लिहिलेले आहे. प्रेमाला लावलेली ही पट्टी वाचून मला हसू येते, आणि मग आठवते की मैत्रिणीच्या बाबतीत मी तेवढेही केले नाही.

याउलट स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोमला गेला तेव्हाची गोष्ट. पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) कोणत्या दिवशी पाळायचा यावर आशियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या त्या नावाच्या रोमन प्रांतातल्या, मंडळ्या आणि रोमची मंडळी यांचे जमत नव्हते. आशियावाले यहुदी पंचांगातल्या निसान महिन्याची चौदावी तिथी धरत, रोमवाले रविवार धरत. पॉलिकार्प म्हणाला, प्रभूचा शिष्य योहान आणि इतर प्रेषित यांच्याबरोबर मी हेच पाळत आलो आहे. रोमचा बिशप अनिसेटस म्हणाला, मी माझ्या आधीच्या वडीलजनांची रीत मोडणार नाही. कोणी कोणाला पटवू शकले नाही. तरीही दोघांनी सहभागिता राखली, अनिसेटसने मान म्हणून आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी पॉलिकार्पच्या हाती सोपवला, आणि ते शांतीने वेगळे झाले. हे आपल्याला ल्योंचा बिशप इरेनियस याच्या पत्रामुळे ठाऊक आहे, आणि इरेनियसने ते पत्र का लिहिले हे अधिक महत्त्वाचे: चाळीसएक वर्षे उलटल्यावर रोमचा बिशप व्हिक्टर याच मुद्द्यावर आशियातल्या मंडळ्यांना तोडायला निघाला होता. इरेनियस स्वतः रविवारच पाळत होता. आपल्याच बाजूच्या माणसाला त्याने सांगितले की असे करू नकोस. अशी पत्रे फार कमी लिहिली जातात. मी अकरा पाने लिहिली ती समोरच्या बाजूला.

आता कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे, की मग मेज कधीच सोडायचे नाही का? शास्त्र इतके मवाळ नाही. जो स्वतःला बंधू म्हणवतो आणि जारकर्मी, लोभी किंवा लुबाडणारा आहे, त्याच्याबरोबर जेवूही नका, असे पौल करिंथकरांना बजावतो. योहानाच्या दुसऱ्या पत्रात ख्रिस्त देहाने आला हे नाकारणाऱ्या शिक्षकाला घरात घेऊ नका, अशी आज्ञा आहे. ही वचने मी गाळू शकत नाही. पण पौल त्याच ठिकाणी लगेच सांगतो की हे जगातल्या माणसांविषयी नाही, नाहीतर तुम्हाला जगातूनच निघून जावे लागेल. आणि योहान इतरांना भुलवत फिरणाऱ्या शिक्षकांविषयी बोलतो. विश्वास हरवलेल्या भावाविषयी किंवा वेगळ्या समजुतीने पाण्यात उतरलेल्या मैत्रिणीविषयी ती वचने नाहीत. न ऐकणाऱ्याला परराष्ट्रीय किंवा जकातदार (रोमसाठी कर गोळा करणारा, लोकांच्या तिरस्काराचा माणूस) यांच्यासारखा समज, हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातले वाक्यही आम्ही फार कडकपणे वाचतो, आणि ज्या शुभवर्तमानात ते आहे ते एका जकातदाराच्या नावाचे आहे, हे विसरतो.

ठामपणे बोलावे लागते तेही कधी कधी मेज वाचवण्यासाठीच. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून काही यहुदी विश्वासणारी माणसे आली तसा तो भीतीने अंग काढून घेऊ लागला, आणि पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा त्या ढोंगात ओढला गेला. पौलाने पेत्राला सर्वांदेखत, तोंडावर अडवले. पौल इतका तापला तो पेत्र मेजावरून उठला म्हणून. तोच पौल रोमकरांना लिहिताना कोणी फक्त भाजीपाला खातो आणि कोणी सर्व काही खातो, याबाबत स्वतःचे मत पक्के असूनही दोघांना एकमेकांचा न्याय करू नका म्हणतो. एकीकडे त्याने आवाज चढवला आणि दुसरीकडे आपला हक्क सोडला. दोन्ही वेळा तो एकाच गोष्टीचा विचार करत होता: ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला तो माणूस जेवणातून उठवला जाणार आहे का?

१०५४ साली रोमच्या दूतांनी कॉन्स्टॅन्टिनोपलच्या मुख्य चर्चमधल्या वेदीवर बहिष्काराचे पत्र ठेवले आणि तिथल्या कुलगुरूंनी, म्हणजे पूर्वेकडील चर्चच्या प्रमुखांनी (पॅट्रिआर्क), उलट बहिष्कार टाकला. ते बहिष्कार पोप सहावे पॉल आणि कुलगुरू अथेनागोरस यांनी ७ डिसेंबर १९६५ रोजी मिळून स्मृतीतून पुसले. मध्ये ९११ वर्षे गेली होती. प्रभुभोजन मात्र दोन्ही मंडळ्या अजूनही एकत्र घेत नाहीत. पत्र ठेवायला लागतो तो वेळ आणि उचलायला लागतो तो वेळ यांची तुलना मी कधी कधी करत बसते.

मैत्रिणीला मी गेल्या वर्षी फोन केला. बाप्तिस्म्याविषयी माझे मत बदललेले नाही, हे मी तिला आधीच सांगितले, आणि तिचेही बदललेले नाही असे ती म्हणाली. मग आम्ही तासभर बोललो, त्यात बाप्तिस्म्याचा विषय निघाला नाही. मी तिला न कळवता दूर झाले होते त्याची क्षमा मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली की तिला वाटत होते तीच दूर गेली.

दादा अधूनमधून घरी जेवायला येतो. आमच्याकडे जेवणाआधी प्रार्थना होते आणि बाबा थकल्यापासून ती बहुधा मीच करते. पहिली दोन-तीन वर्षे दादा आला की माझी प्रार्थना लांबायची. भरकटलेल्यांना परत आण, गर्विष्ठ बुद्धीला नम्र कर, असे मी डोळे मिटून म्हणत असे, आणि बोलणे देवाशी चालले असले तरी ऐकवायचे कोणाला होते हे मेजाभोवतीच्या सगळ्यांना कळत होते. दादा कधी मान खाली घालत नाही, पण प्रार्थना संपेपर्यंत घासालाही हात लावत नाही. हे त्याने कोणाच्या सांगण्यावरून केलेले नाही आणि मी बरीच वर्षे ते पाहिलेही नव्हते, कारण माझे डोळे मिटलेले असत. आता मी अन्नाबद्दल आभार मानते, मेजाशी बसलेल्या प्रत्येकाचे नाव घेते, त्यात त्याचेही घेते, आणि आमेन म्हणते. त्याच्यासाठी मागायचे असते ते मी रात्री, खोलीत, एकटी मागते. मागच्या खेपेला आमेन झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आज लवकर आटपलीस." मी म्हटले, "तुझे अन्न निवते म्हणून." मग त्याने भांडे माझ्याकडे सरकवले आणि आधी तू घे म्हणाला.